टाकलेल्या वस्तूंचे गिऱ्हाईक : प्रस्तावना

घरातून रोज निघतो तो केर, पानात उरते ते उष्टे, भांड्याला चिकटून राहते ते खरकटे आणि माळ्यावर वर्षानुवर्षे पडून असते ती अडगळ. वाचून झालेल्या वर्तमानपत्रांची रद्दी होते, फुटक्या पितळी भांड्यांची मोड होते आणि गंजलेल्या लोखंडाचे भंगार होते. या शब्दांकडे बारकाईने पाहिले, तर ते वस्तूपेक्षा तिच्या पुढच्या प्रवासाविषयीच अधिक बोलतात असे दिसते. कोणाचे उष्टे कोणी खावे याला नियम होते, अडगळीला कोणी हात लावत नसे, रद्दीला आणि मोडीला बाजारभाव होता व आजही आहे, आणि ज्या मैल्याचे नाव चारचौघांत काढणे शिष्टसंमत नव्हते त्याचेच खत झाले की शेतकरी त्याला सोनखत म्हणत असे. आज या साऱ्यांना एकाच 'कचरा' या शब्दाने पोटात घेतले आहे. जुने भेद कसे आणि का पुसले गेले, आणि त्यांच्याबरोबर कोणाची सोय झाली व कोणाची अडचण, हा या ग्रंथाचा विषय आहे.

ग्रंथातील लेख निरनिराळ्या काळांविषयी आणि देशांविषयी असले, तरी त्यांच्यामागे एक समान गृहीतक आहे. कोणतीही वस्तू अंगच्या गुणाने कचरा नसते; तिला पुढचे गिऱ्हाईक उरले नाही की ती कचरा होते. येथे 'गिऱ्हाईक' हा शब्द व्यापक अर्थाने घेतला आहे, म्हणजे त्यात विकत घेणारा व्यापारी येतो, तसेच शिळे खाणारे जनावर, खत मागणारे शेत आणि विरलेल्या लुगड्यांची गोधडी शिवणारी घरातील बाईही येते. बोहारणीचा व्यवहार या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. जुनी साडी ती आधी उलगडून उजेडासमोर धरते, कुठे विरली आहे ते पाहते, किनारीवरून बोट फिरवून जर खरी की खोटी याचा अंदाज घेते, आणि मगच पाटीतील एखादे पातेले पुढे करते. घरच्या बाईला मोठे हवे असते आणि बोहारणीला आणखी दोन कपडे हवे असतात. या घासाघिशीत साडी क्षणभरही कचरा होत नाही. मात्र या गृहीतकाला एक मोठा अपवाद आहे, आणि तो भारतीय वाचकाने नजरेआड करू नये असा आहे : जेथे गिऱ्हाईक नव्हते तेथेही टाकलेले उचलले जातच होते, कारण ते उचलण्याची सक्ती जन्माने काहींच्या माथी मारलेली होती. बाजार आणि सक्ती या दोन वाटांनी टाकलेली वस्तू माणसाच्या नजरेआड गेली, आणि या दोहोंचा हिशेब एकत्र मांडल्याखेरीज कचऱ्याचा इतिहास पुरा होत नाही.

या इतिहासाची साधने विपुल आहेत, कारण पुरातत्त्वशास्त्र हे बऱ्याच अंशी उकिरड्यांचेच शास्त्र आहे. राजवाडे आणि शिलालेख लोकांनी पाहावेत म्हणून घडवलेले असतात, परंतु उकिरडा कोणी इतिहासकारासाठी रचत नाही, आणि म्हणूनच त्याची साक्ष अधिक विश्वासार्ह ठरते. घोड नदीकाठच्या इनामगाव येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून अनेक हंगाम उत्खनन केले. तेथील ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांचा आहार आणि पशुधन यांविषयी जे समजले, त्याचा मोठा भाग जळक्या धान्यातून आणि खाऊन टाकलेल्या हाडांतून आलेला आहे. मोहेंजोदडोतील झाकलेली गटारे सर्वांना ठाऊक असतात, परंतु घराच्या भिंतीतून केर बाहेर सोडण्यासाठी ठेवलेल्या घसरणी तितक्याच बोलक्या आहेत, कारण घरातील घाण उंबऱ्याबाहेर गेली की ती कोणाची, हा प्रश्न त्या वीटकामात साडेचार हजार वर्षांपूर्वी उभा राहिलेला दिसतो.

रोममधील माँते तेस्ताच्चो ही टेकडी मात्र सविस्तर उल्लेखास पात्र आहे. सुमारे ३५ मीटर उंचीची ही टेकडी मातीची नसून खापरांची आहे. इसवी सनाच्या पहिल्या तीन शतकांत स्पेनच्या दक्षिण भागातून आणि उत्तर आफ्रिकेतून रोमला आलेल्या ऑलिव्ह तेलाचे उंच रांजण तेथे फोडून रचले गेले, आणि दुर्गंधी दबावी म्हणून मधूनमधून चुना टाकला गेला. इतर मालाच्या रांजणांना दुसरे उपयोग सापडत, ते पुन्हा भरले जात किंवा त्यांची भुकटी बांधकामाच्या चुन्यात मिसळली जाई. तेलाच्या रांजणात मात्र तेल मुरून खवट होई, आणि त्यामुळे त्यांना गिऱ्हाईक उरत नसे. एकोणिसाव्या शतकात हाइनरिश ड्रेसेल या जर्मन विद्वानाने या खापरांवरील शाईच्या नोंदी वाचायला घेतल्या, तेव्हा वजन, व्यापाऱ्याचे नाव आणि साल असा साम्राज्याच्या तेलव्यापाराचा जमाखर्चच हाती आला. एवढी व्यवस्थित रचलेली टेकडी पाहता, रोमन प्रशासनाने कचऱ्याची विल्हेवाट हे नियोजनाचे काम मानले होते यात शंका राहत नाही.

शासनाने या प्रश्नात हात घातल्याची लेखी साक्षही जुनी आहे. ॲरिस्टॉटलच्या नावे प्रसिद्ध असलेल्या अथेन्सच्या राज्यव्यवस्थेवरील ग्रंथात, मैला वाहणाऱ्यांनी तो तटापासून दहा स्टेडियाच्या, म्हणजे सुमारे दोन किलोमीटरच्या आत टाकू नये यावर नगराधिकाऱ्यांनी लक्ष ठेवावे असे सांगितले आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नगराचा कारभार पाहणाऱ्या 'नागरिक' या अधिकाऱ्याच्या प्रकरणात तर दरपत्रकच आहे : रस्त्यावर केर टाकल्यास एक अष्टमांश पण, चिखलपाणी साचवल्यास पाव पण, हेच राजमार्गावर केल्यास दुप्पट; मांजर, कुत्रा, मुंगूस किंवा साप मरून पडला आणि तो नगरात टाकला तर ३ पण, गाढव, उंट, घोडा किंवा गुरे असल्यास ६ पण, आणि माणसाचे प्रेत असल्यास ५० पण. कोठे टाकू नये हे ही सूत्रे इतक्या बारकाईने सांगतात, परंतु टाकलेले उचलणार कोण याविषयी ती मौन पाळतात. पुढील दोन हजार वर्षांतील बहुतेक नियमावल्यांनी हे मौन सांभाळलेले आहे.

मध्ययुगीन शहरे म्हणजे घाणीचे साम्राज्य होते आणि आधुनिक विज्ञानाने ती धुऊन काढली, अशी एक सरधोपट कथा पाठ्यपुस्तकांतून सांगितली जाते. तिच्या नेमकी उलट कथा अलीकडे लोकप्रिय आहे, ती अशी की पूर्वी कचरा नावाची गोष्टच नव्हती. दोन्ही कथांत तथ्याचा अंश आहे आणि दोन्ही अपुऱ्या आहेत. जपानमधील एदो, म्हणजे आजचे टोकियो, येथे मैला हा शेतकऱ्यांना विकण्याचा माल होता आणि भाडेकरूंचा मैला घरमालकाच्या मालकीचा समजला जाई. ओसाकात तर मैला मालकाचा आणि मूत्र भाडेकरूचे अशी वाटणी झालेली होती. गावागावांत या मालावरून तंटे होत. तरीही त्याच एदोमध्ये १६५५ साली बाकीचा केर खाडीतील एइताइजिमा येथे नेऊन टाकण्याचा हुकूम काढावा लागला. महाराष्ट्रातही फाटकी गोणपाटे, दोर आणि चिंध्या कुटून जुन्नर आणि दौलताबाद परिसरातील कागदी लोक कागद करीत असत. ज्या दफ्तरांवर मराठ्यांचा इतिहास उभा आहे ती अशा चिंधीच्या कागदाची आहेत.

ही गिऱ्हाइके गेली कशी, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण एकोणिसाव्या शतकातील लंडनचे आहे. तेथील घरोघरच्या शेगड्यांतून निघणारी राख आणि अर्धवट जळलेला कोळसा विटा करण्यासाठी लागे, आणि शहर वाढत असल्यामुळे विटांच्या मागणीला तोटा नव्हता. त्यामुळे शतकाच्या आरंभी राख उचलण्याचा मक्ता मिळावा म्हणून ठेकेदार स्थानिक मंडळांना पैसे देत असत. पुढे मागणी आणि भाव घसरले, तेव्हा मंडळांनाच ठेकेदारांना पैसे मोजावे लागले. राख तीच आणि गाडीही तीच, परंतु पैशाची दिशा फिरली आणि माल कचरा झाला. हेच इतर वस्तूंचे झाले : लाकडाच्या लगद्यापासून कागद होऊ लागल्यावर चिंध्यांचे मोल उतरले, आणि दक्षिण अमेरिकेतील पक्ष्यांची विष्ठा व खनिज नायट्रेट, आणि विसाव्या शतकात कारखान्यातील नत्रखत, आल्यावर मैल्याला शेतकरी विचारीनासा झाला. पॅरिसमध्ये यूजेन पूबेल या प्रशासकाने १८८३ साली प्रत्येक इमारतीला झाकणाची भांडी ठेवण्याची सक्ती केली, आणि त्यांत सडणारा केर, चिंध्या-कागद आणि काच-खापर-शिंपले असे तीन वेगळे भाग सांगितले. म्हणजे आज नवा वाटणारा वर्गीकरणाचा नियम तेव्हाच लिहिला गेला होता. त्याविरुद्ध ओरड केली ती चिंध्या वेचून जगणाऱ्यांनी, कारण उघड्यावरचा त्यांचा कच्चा माल आता झाकणाखाली जाणार होता. फ्रेंच भाषेत कचराकुंडीला आजही पूबेलच म्हणतात. चिंध्यावाल्यांपैकी कोणाचे नाव कशालाही मिळालेले नाही.

याच काळात कचऱ्याचा संबंध रोगाशी जोडला गेला, परंतु तो ज्या सिद्धांताने जोडला गेला तो चुकीचा होता. कुजणाऱ्या पदार्थांतून उठणारी दूषित हवाच रोग पसरवते, असे एडविन चॅडविक यांच्यासारखे सुधारक मानीत. ब्रिटनमधील श्रमिकांच्या आरोग्यस्थितीवरील त्यांचा १८४२ चा अहवाल याच समजुतीवर उभा आहे. न्यूयॉर्कचे रस्ते १८९५ पासून तीन वर्षांत पालटून टाकणारे आणि झाडूवाल्यांना पांढरा गणवेश देणारे जॉर्ज वेअरिंग हेही शेवटपर्यंत याच मताचे होते. चुकीच्या कारणाने योग्य काम झाल्याची अशी उदाहरणे विज्ञानाच्या इतिहासात दुर्मिळ नाहीत. मात्र या सिद्धांताचा एक परिणाम टिकून राहिला : वासाचा धसका घेतलेल्या शहराला कचरा दूर न्यायचा होता, आणि दूर नेल्यावर त्याचे काय होते याची फिकीर त्याला नव्हती.

मुंबईत हे 'दूर' रेल्वेने गाठले गेले. कुर्ल्याहून चेंबूरकडे १९०६ साली टाकलेला फाटा मूळचा कचरागाड्यांसाठी होता. त्यावर उतारूंची वाहतूक १९२४ साली सुरू झाली. देवनारच्या दलदलीत १९२७ पासून कचरा पडू लागला, आणि आज तेथील ढीग रोमच्या त्या टेकडीच्या उंचीच्या घरात गेलेले आहेत. फरक एवढाच की रोमची टेकडी केवळ खापरांची असल्यामुळे निर्धोक राहिली, तर देवनारच्या पोटात कुजणाऱ्या पदार्थांचा वायू साठतो. जानेवारी २०१६ मध्ये तेथे लागलेल्या आगीचा धूर उपग्रहांच्या छायाचित्रांत दिसला. पुण्याने आपला कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या शिवारात नेला, आणि तेथील गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या की शहरातील कुंड्या कशा वाहू लागतात हे पुणेकरांनी वारंवार अनुभवले आहे. शहराचे 'दूर' हे नेहमी कोणाचे तरी गाव असते, ही गोष्ट या आंदोलनांनी प्रथमच मोठ्या आवाजात सांगितली.

सक्तीच्या बाजूकडे वळल्यावर विवेचनाचा सूर बदलणे अपरिहार्य आहे. मेलेली जनावरे ओढणे, मैला वाहणे, रस्ते झाडणे ही कामे जातीला बांधलेली होती, आणि आधुनिक नगरपालिकांनी ही बांधणी मोडण्याऐवजी ती हजेरीपटावर घेतली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ साली महाडला मृत मांस सोडण्याचे आवाहन केले आणि पुढे मुंबईतील पालिका कामगारांची संघटना उभारली, तेव्हा स्वच्छतेचा प्रश्न हा आधी माणसाच्या हक्काचा प्रश्न आहे, अशी नवी मांडणी झाली. त्याच सुमारास अप्पासाहेब पटवर्धनांनी वेगळा मार्ग घेतला : रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचे काम करू द्यावे यासाठी त्यांनी १९३२ साली उपोषण केले, आणि पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात मैल्याचे निर्गंध खत करणारा संडास घडवला. गाडगे महाराज खराटा घेऊन आधी गाव झाडत आणि मग कीर्तनाला उभे राहत. उच्चवर्णीयाने हातात झाडू घेतला म्हणजे कामाचा कलंक जातो, की त्या कामाला पावित्र्य बहाल केल्याने ते करणारा तेथेच अडकून पडतो, हा वाद आंबेडकरांनी गांधीजींवरील टीकेत रोखठोकपणे मांडला. तो आजही मिटलेला नाही. हाताने मैला साफ करण्याविरुद्ध १९९३ आणि २०१३ असे दोनदा कायदे करावे लागले, यावरून आंबेडकरांचा रोख किती अचूक होता हे दिसते.

आंबेडकर आणि पटवर्धन यांच्या या प्रयत्नांच्याच दशकांत इंदूरला मात्र एक वेगळे काम चालले होते. अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी शेतातील काडीकचरा, शेण आणि मूत्र यांचे थर रचून ठरावीक काळाने उलटण्याची कंपोस्ट पद्धत बसवली आणि १९३१ साली ती पुस्तकरूपाने जगापुढे ठेवली. ही 'इंदूर पद्धत' पुढे इंग्लंड-अमेरिकेतील सेंद्रिय शेतीच्या चळवळीची पायाभूत प्रक्रिया ठरली. हॉवर्ड यांचे नाव सर्वत्र घेतले जाते. वाड यांचे नाव महाराष्ट्रातही फारसे कोणाला ठाऊक नाही.

या विषयाचा स्वतंत्र अभ्यास सुरू होऊन जेमतेम साठ वर्षे झाली आहेत. मेरी डग्लस या मानववंशशास्त्रज्ञ विदुषीने १९६६ साली, घाण म्हणजे जागा चुकलेली वस्तू, ही मांडणी केली. डोक्यावर असताना जपलेला केस आमटीत सापडला की किळस येते, कारण त्याने ठरलेली रचना मोडलेली असते. जातिव्यवस्थेतील विटाळाच्या चर्चेला या विचाराने मोठे बळ दिले, परंतु तो किळसेचे कारण सांगतो आणि मजुरीविषयी गप्प राहतो, ही त्याची उणीव आहे. मायकेल थॉम्पसन यांनी १९७९ साली वस्तूंच्या मूल्याकडे लक्ष वेधले. त्यांच्या मते वस्तूची किंमत घसरत शून्यावर येते आणि काही वस्तू त्या शून्यातूनच पुन्हा मौल्यवान होऊन वर येतात. पाडलेल्या वाड्याचा सागवानी खांब जळाऊ लाकडाच्या भावाने जातो आणि काही वर्षांनी हॉटेलच्या दर्शनी भागात शोभेसाठी उभा राहतो, हे त्याचे मराठी उदाहरण म्हणता येईल. मार्टिन मेलोसी आणि सुझन स्ट्रॅसर या अमेरिकी इतिहासकारांनी अनुक्रमे नगरपालिका आणि घर या दोन टोकांकडून हाच इतिहास लिहिला. विल्यम रॅथ्जे यांनी १९७३ पासून ॲरिझोनातील टूसॉन शहरात लोकांचा ताजा कचरा पुरातत्त्वज्ञाच्या शिस्तीने मोजला, आणि लोक बिअर किती पितात हे तोंडी सांगतात त्यापेक्षा त्यांच्या कचऱ्यातील डबे जास्त भरतात, असे त्यांना आढळले. पुढे त्यांनी कचऱ्याचे जुने भराव खणले, तेव्हा कुजून गेली असतील असे गृहीत धरलेली दशकांपूर्वीची वर्तमानपत्रे वाचता येण्याजोगी निघाली. भारतीय अभ्यासकांनी यात श्रम आणि जात यांची भर घातली. मराठीत मात्र ही भर अभ्यासकांआधी आत्मकथनांनी घातली. दया पवारांच्या 'बलुतं' (१९७८) मधील कावाखान्यातील चिंध्या-कागद वेचणाऱ्या बायका कोणत्याही शास्त्रीय ग्रंथातील तक्त्यापेक्षा अधिक सांगून जातात.

हा विषय आजच निकडीचा का झाला, याचे एका शब्दातील उत्तर प्लास्टिक हे आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, २०१५ पर्यंत जगात सुमारे ८३० कोटी टन प्लास्टिक निर्माण झाले, त्यातील सुमारे ६३० कोटी टनांचा कचरा झाला आणि त्या कचऱ्यापैकी केवळ ९ टक्क्यांचा पुनर्वापर झाला. ही आकडेवारी वाचताना गिऱ्हाइकाची कसोटी पुन्हा लावून पाहावी. दुधाची पिशवी आणि पाण्याची बाटली भंगारवाला घेतो, शाम्पूची पुडी घेत नाही, कारण ती अनेक पदरांची असते आणि हजारो वेचूनही काट्यावर काही भरत नाही. म्हणजे वेचणाऱ्याच्या गोणीत काय जाणार आणि रस्त्यावर काय राहणार, हे वस्तू घडवणाऱ्याच्या टेबलावर आधीच ठरलेले असते. महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये काही प्लास्टिक वस्तूंवर बंदी घातली. परंतु घडवणाऱ्याला जबाबदार धरण्याची तरतूद कागदावर सोपी आणि अंमलात अवघड आहे. शहरी घनकचऱ्याविषयी देशाला २००० साली पहिली नियमावली मिळाली आणि २०१६ साली ती नव्याने लिहिली गेली, आणि 'ओला' व 'सुका' हे दोन साधे मराठी शब्द घरोघरच्या बादल्यांवर चढले. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी राहिली आणि तिच्यातूनच २००८ पासून 'स्वच्छ' ही सहकारी संस्था दारोदार कचरा गोळा करू लागली, आणि या वाटचालीत वेचणाऱ्यांना ओळखपत्र आणि सेवेचा मोबदला मागण्याचा हक्क मिळाला. यंत्र आणि मोठे ठेकेदार यांच्यासमोर ही व्यवस्था किती काळ टिकेल याविषयी ग्रंथातील लेखकांचे एकमत नाही, आणि संपादकांनी ते घडवून आणण्याचा प्रयत्नही केलेला नाही.

ग्रंथाच्या मर्यादाही नोंदवणे आवश्यक आहे. अणुकचरा आणि रुग्णालयीन कचरा यांना येथे हात घातलेला नाही, कारण त्यांचे तंत्र आणि कायदे स्वतंत्र ग्रंथाची मागणी करतात. हा ग्रंथ स्वच्छतेचे उपाय सांगणारी पुस्तिका नाही, त्यामुळे कोणते संयंत्र घ्यावे याचा सल्ला त्यात शोधू नये. मात्र एखादे संयंत्र बंद का पडते हे समजून घेऊ इच्छिणाऱ्या नगरसेवकाला किंवा अधिकाऱ्याला, ओला-सुका एकत्र आला की यंत्रापुढे काय वाढून ठेवलेले असते याची जुनी उदाहरणे येथे पुष्कळ सापडतील. लेखांचा क्रम कालानुक्रमे न लावता वस्तूंनुसार लावला आहे, म्हणजे राख, चिंधी, हाड, मैला, कागद, धातू, प्लास्टिक असा. त्यामुळे एकाच वस्तूचा मागोवा रोमपासून धारावीपर्यंत सलग घेता येतो.

संज्ञांविषयी एक खुलासा उरतो. जुन्या कागदपत्रांत सफाई करणाऱ्यांसाठी जी जातिवाचक नावे येतात, ती उद्धृत मजकुरात तशीच ठेवली आहेत आणि विवेचनात टाळली आहेत. 'हलालखोर' हा शब्द यांपैकी सर्वांत गुंतागुंतीचा आहे. कष्टाचे, न्याय्य कमाईचे खाणारा असा त्याचा अर्थ असून, झाडूवाल्यांसाठी हे नाव अकबराने रूढ केले असे 'ऐन-ए-अकबरी'त नमूद आहे. पुढे हाच शब्द मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात आला आणि मैला उचलण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या कराला 'हलालखोर कर' असे नाव मिळाले. गौरवासाठी दिलेले नाव तीन शतकांत करपावतीवर कसे पोहोचले, याची हकिकत मैल्याच्या भागात सविस्तर आलेली आहे. रस्त्यावर आणि दारोदार काम करणाऱ्यांसाठी सर्वत्र 'कचरावेचक' हा शब्द वापरला आहे, कारण त्यांच्या संघटनांच्या व्यवहारात तोच रूढ आहे.